परवाना कोणी कोणाला द्यायचा?
कार्ताझ, दस्तक आणि दोनशे मैल : समुद्रावरील सत्तेची पाच शतके

गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांना समुद्र नवा नाही. मांडवीच्या मुखाशी आग्वाद, जुवारीच्या मुखाशी मुरगाव आणि दोन्हींच्या मध्ये दोना पावलचे टोक, हा आपला रोजचा भूगोल. या भूगोलाला एक इतिहास आहे. समुद्रावर हुकूम कोणाचा, जहाजाने कोणाची परवानगी घ्यायची, पाण्यातले आणि तळाचे धन कोणाचे, या प्रश्नांत आपल्या या किनाऱ्याने दोनदा महत्त्वाची भूमिका बजावली. पहिल्यांदा सोळाव्या शतकात, जेव्हा पोर्तुगीजांचा कार्ताझ येथून साऱ्या हिंदी महासागरावर लागू झाला. दुसऱ्यांदा विसाव्या शतकात, जेव्हा स्वतंत्र भारताने येथूनच महासागराच्या तळावरील वाट्याची तयारी केली. या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत कान्होजी आंग्रे. नव्याने वर येणाऱ्या सत्ता समुद्राच्या कारभारात आपला वाटा कसा मागतात, तो मिळाल्यावर कशा वागतात, हे या तीन प्रसंगांवरून चांगले कळते. स्मरणिकेच्या वाचकांपुढे यंदा तोच विषय मांडत आहोत.

कार्ताझ : एका कागदाची हुकमत

पोर्तुगीज येण्यापूर्वी हिंदी महासागरात व्यापाराची गर्दी होती. अरब, गुजराती, मलबारी, मलायी अशा सर्वांची जहाजे फिरत. बंदरात आलेल्या मालावर राजा जकात घेई. खुल्या समुद्रातून जाण्यासाठी मात्र कोणा एका सत्तेचा परवाना लागत नसे. चाचेगिरी होती, लढायाही होत, पण समुद्र आपल्या मालकीचा आहे असे म्हणणारा कोणी नव्हता.

वास्को द गामा परतल्यावर पोर्तुगालचा राजा मानुएल याने आपल्या बिरुदावलीत इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी असे शब्द घातले. नुसते बिरुद लावून जहाजे थांबत नाहीत, म्हणून १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ ही नाकी ताब्यात आली. पुढे १५३५ मध्ये दीवला किल्ला उभा राहिला. या नाक्यांच्या जोरावर कार्ताझची पद्धत बसली. कार्ताझ म्हणजे परवाना. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर, बरोबर किती हत्यारे बाळगता येतील, कोणता माल नेता येणार नाही, हे सारे लिहिलेले असे. खुद्द कागदाची फी किरकोळ होती. खरी मेख अशी की कार्ताझ घेतलेल्या जहाजाला पोर्तुगीज बंदरात येऊन जकात भरावी लागे. कार्ताझ नसलेले जहाज मालासकट जप्त होई.

जमिनीवर बलाढ्य असलेल्या मोगलांनीही हा कागद घेतला. हजला जाणारी त्यांची जहाजे कार्ताझ घेऊन निघत. त्या कागदाचाही भरवसा नव्हता. १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या आईच्या मालकीचे ‘रहिमी’ हे मोठे जहाज परवाना जवळ असतानाही पोर्तुगीजांनी पकडून गोव्याला आणले. बादशहाने चिडून दमणवर फौज पाठवली. पण पाण्यावर उत्तर द्यायला त्याच्याजवळ आरमार नव्हते. ही उणीव पुढे मराठ्यांनी बरोबर हेरली.

समुद्र मोकळा, पण कोणाला?

पोर्तुगीजांच्या या दाव्याला लेखी आव्हान युरोपातूनच मिळाले. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज लुटले. त्या लुटीचे समर्थन करण्यासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण डच वकिलाने जे लिहिले, त्यातला एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त सागर’, या नावाने प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, पूर्वेकडील राजे आपापल्या राज्यांचे पूर्ण धनी आहेत आणि त्यांच्याशी व्यापार करण्यापासून पोर्तुगीज कोणाला अडवू शकत नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातील पायाभूत पुस्तकांत त्याची गणना होते.

पुस्तक थोर आहे, पण त्याचा वापर कसा झाला तेही पाहिले पाहिजे. ‘समुद्र सर्वांचा’ असे सांगणाऱ्या डचांनीच मोलुक्का बेटांत लवंग-जायफळाचा मक्ता बसवला आणि दुसऱ्यांची जहाजे अडवली. इंग्लंडात जॉन सेल्डनने १६३५ मध्ये नेमके उलट, ‘बंदिस्त सागर’ या नावाचे पुस्तक काढले, कारण डच कोळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर येऊन हेरिंग मासळी नेत होते. आरमार मोठे असले की समुद्र मोकळा हवा असतो आणि किनारा वाचवायचा असला की तोच समुद्र आपला वाटतो. पुढची तीनशे वर्षे हा खेळ असाच चालला.

आंग्र्यांचा दस्तक

छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तेथे आरमाराची बांधणी सुरू केली. १६५९ च्या सुमारास या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. त्यांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फोडून परत नेले, कारण आपल्या कार्ताझला खरा धोका कोठून येणार हे त्यांनी ओळखले होते. १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. बारदेशचे मीठ स्वस्त, म्हणून प्रभावळीच्या मिठाला गिऱ्हाईक राहत नव्हते. किनाऱ्यावरचा माल, किनाऱ्यावरची रयत आणि समुद्रावरची वाट ही एकाच कारभाराची अंगे आहेत, ही समज त्या पत्रात दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारावर वेगळे प्रकरण आहे. कौल घेतलेल्या व्यापाऱ्याला त्रास होऊ नये, याची ताकीद त्यात आहे.

हे धोरण पूर्णत्वाला नेले ते सरखेल कान्होजी आंग्रे यांनी. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या करारानंतर कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी त्यांच्या हाती राहिली. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचा दस्तक घ्यायचा, हा त्यांचा नियम. दस्तक असेल त्याला संरक्षण, नसेल तर जप्ती. पोर्तुगीज दोनशे वर्षे जे करत होते आणि मुंबईचे इंग्रज स्वतःचे पास देऊन जे करत होते, तेच आता किनाऱ्याच्या धन्याने सुरू केले.

इंग्रजांशी कान्होजींचा जो वाद झाला, त्यातला मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. १७१३ मध्ये कान्होजींनी कंपनीच्या जहाजांना त्रास न देण्याचे मान्य केले होते. पण कंपनीचे नोकर आणि दलाल स्वतःचा व इतर हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली नेऊ लागले. कान्होजींचे म्हणणे असे की कंपनीचा माल वेगळा आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांचा माल वेगळा. निशाण बदलल्याने त्यांचा दस्तक चुकत नाही. कंपनीच्या सुरतेच्या दलालाचे जहाज त्यांनी पकडले, ते याच भूमिकेतून. दोन सत्तांमधील अधिकारक्षेत्राचा हा सरळ वाद होता. मुंबईकरांनी त्याला चाचेगिरी म्हटले, कारण एकदा समोरच्याला चाचा ठरवला की त्याच्याशी वाद घालावा लागत नाही.

गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ ते १७२० या काळात विजयदुर्ग आणि खांदेरीवर मोहिमा काढल्या. सर्व फसल्या. मग १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. समुद्र मोकळा की बंदिस्त यावर एरवी भांडणारे दोघे कान्होजींपुढे एक झाले, ही गोष्ट बोलकी आहे. बाजीराव पेशव्यांची फौज मदतीला आली, पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत वेगळा तह केला आणि इंग्रज रिकाम्या हाताने परतले. पुढे १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सला लिहिलेल्या पत्रात कान्होजींनी सुनावले की दुसऱ्याचे घेण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच तशी आहे.

अर्थात आंग्र्यांचा कारभार म्हणजे निव्वळ न्याय होता असे समजायचे कारण नाही. गुजरात-कोकणच्या लहान व्यापाऱ्याला पोर्तुगीजांचा कार्ताझ, इंग्रजांचा पास, जंजिऱ्याच्या सिद्दीची मर्जी आणि आंग्र्यांचा दस्तक असे चारही सांभाळावे लागत. त्याच्या दृष्टीने प्रत्येक नवा धनी म्हणजे नवा खर्च. वर येणारी सत्ता आपला हक्क मागते तेव्हा त्या हक्काचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न तेव्हाही होता.

विजयदुर्गाची होळी

कान्होजी १७२९ मध्ये वारले. सेखोजींच्या मृत्यूनंतर घराण्यात फूट पडली. कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे आणि त्यांच्या मागून तुळाजींकडे गेला. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉट्सन व क्लाईव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्ग पाडला. आंग्र्यांचा काफिला बंदरातच जळून खाक झाला. काही महिन्यांनी किल्ला पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेले. किल्ला परत आला, पण जहाजे परत आली नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर कंपनीला पाण्यात अडवू शकणारी मराठ्यांची खरी ताकद मराठ्यांच्याच संमतीने संपली. घरातील तंटा मिटवण्यासाठी परक्या आरमाराला बोलावणे किती महाग पडते, याचा हा धडा आपल्या इतिहासात लपवण्यासारखा नाही.

लंडनजवळच्या टेकडीवर विल्यम जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला. १७८४ च्या त्या मनोऱ्याचे नाव आजही ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, असेच आहे. आंग्रे मात्र इंग्रजी पुस्तकांत दीर्घकाळ चाचेच राहिले. मराठ्यांची बाजू मांडणारा ग्रोशियस मराठ्यांना मिळाला नाही. दस्तक देणारे होते, त्या दस्तकामागचा हक्क ग्रंथात मांडणारे नव्हते. आपल्या गोव्याचे थोर संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या दफ्तरखान्यातील कागद वाचून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ लिहिले, तेव्हा दोन्ही बाजूंची चर्चा कशी चालत असे ते मराठी वाचकाला कळले. स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले.

तीन मैलांपासून दोनशे मैलांपर्यंत

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे आरमार निर्विवाद ठरले आणि ‘मुक्त सागर’ हाच जगाचा नियम बनला. किनाऱ्यावरील देशाचा हक्क तीन मैलांपुरता, म्हणजे जुन्या हिशेबाने तोफेच्या पल्ल्याइतका. त्यापुढे ज्याच्याकडे मोठी जहाजे, त्याची मासळी.

याला तडा दिला दक्षिण अमेरिकेतील देशांनी. १९४५ मध्ये अमेरिकेने आपल्या किनाऱ्यापुढील उथळ समुद्रतळाच्या संपत्तीवर हक्क सांगितला. तो धागा पकडून १९४७ मध्ये चिली आणि पेरू यांनी दोनशे सागरी मैलांचा दावा केला. १९५२ मध्ये इक्वेडोरसह तिघांनी सांतियागो येथे संयुक्त जाहीरनामा काढला. १९५४ मध्ये पेरूच्या नौदलाने धनाढ्य ग्रीक जहाजमालक ओनासिस याची व्हेल पकडणारी जहाजे धरली आणि तीस लाख डॉलर दंड वसूल केला. परवाना न घेता ट्यूना पकडणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या बोटी पेरू आणि इक्वेडोर वारंवार पकडत. अमेरिका त्याला बेकायदा जप्ती म्हणे आणि आपल्या मच्छीमारांचा दंड सरकारी तिजोरीतून भरून देई. आंग्र्यांचा दस्तक आणि मुंबईचा गव्हर्नर यांचा वाद जणू दोनशे वर्षांनी पॅसिफिकमध्ये पुन्हा सुरू झाला होता.

या वेळी निकाल वेगळा लागला, कारण आता नुकतेच स्वतंत्र झालेले देश एकत्र बसत होते. आशियाई-आफ्रिकी देशांच्या विधी सल्लागार समितीच्या १९७१ च्या कोलंबो बैठकीत केनियाने तोडगा मांडला. दोनशे मैलांच्या पट्ट्यातील मासळी, तेल, खनिजे किनाऱ्यावरील देशाची. जहाजांना ये-जा मात्र सर्वांना मोकळी. कार्ताझने वाट अडवली होती. हा हक्क संपत्तीपुरताच होता. हीच ‘अनन्य आर्थिक क्षेत्रा’ची कल्पना. भारताने १९७६ मध्ये आपला सागरी क्षेत्र कायदा केला आणि हे क्षेत्र घोषित केले. आज आपल्या देशाचे असे क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. नऊ वर्षे चाललेल्या परिषदेनंतर १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. तो १९९४ मध्ये अमलात आला आणि भारताने १९९५ मध्ये त्याला मंजुरी दिली. अमेरिकेने आजतागायत दिलेली नाही.

दोना पावलहून समुद्रतळाकडे

दोनशे मैलांच्याही पलीकडे, खोल तळावर काय? १९६७ मध्ये माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की हा तळ मानवजातीचा सामायिक वारसा मानावा. तेथे बटाट्याएवढे काळसर गोळे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. श्रीमंत देशांच्या कंपन्यांनी ते आधी उचलले तर इतरांच्या हाती काय उरणार, ही धास्ती होती.

नुसती धास्ती बोलून दाखवण्यापेक्षा भारताने काम सुरू केले आणि ते आपल्या शेजारी, दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. २६ जानेवारी १९८१ रोजी संस्थेच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून हे गोळे वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थेचे माजी संचालक डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीमही गोव्याहूनच निघाली. १९८२ च्या परिषदेत समुद्रतळाच्या ‘आद्य गुंतवणूकदार’ देशांत फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत संघाबरोबर भारताचे नाव आले. विकसनशील देशांपैकी तो एकटाच. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकामासाठी मिळाले. पुढे त्यातील निम्मे, ७५ हजार चौरस किलोमीटर, आपल्याकडे ठेवून बाकीचे नियमानुसार सोडून दिले.

मागणीला अभ्यासाची जोड मिळाली की ती नाकारणे अवघड जाते. आंग्र्यांच्या काळात राहून गेलेली गोष्ट या वेळी साधली.

आता कसोटी आपली

आज भारत स्वतःच वर आलेली सत्ता आहे. म्हणून आता प्रश्न आपल्याला विचारले जातात.

बांगलादेशाशी बंगालच्या उपसागरातील सीमेचा वाद याच कराराखालील लवादाकडे गेला. ७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला आणि वादातील सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी सुमारे १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. शेजारी लहान आणि आपले आरमार कितीतरी मोठे, तरी भारताने निकाल मानला. दोन वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, दक्षिण चिनी समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निकाल लागला तेव्हा चीनने तो धुडकावला. आज मोठी होणारी सत्ता उद्या समुद्रात कशी वागेल, हे या दोन उदाहरणांवरून ताडता येते.

जुना वाद मिटला आहे असेही नाही. भारताचे म्हणणे आहे की आपल्या आर्थिक क्षेत्रात परक्या नौदलांनी आपल्या संमतीशिवाय लष्करी कवायती करू नयेत. ७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेची युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेस आपल्या क्षेत्रातून मुद्दाम परवानगी न घेता गेली आणि तसे जाहीरही केले. परवाना कोणी कोणाला मागायचा, हा प्रश्न अजून जिवंत आहे.

मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने अपहृत ‘रुएन’ जहाज सोडवून पस्तीस सोमाली चाच्यांना मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. ज्या किनाऱ्याच्या सरखेलाला चाचा म्हटले गेले, त्याच किनाऱ्यावर आता आपण चाच्यांचा न्याय करतो. म्हणून तर तो न्याय कायद्याने आणि पुराव्याने व्हायला हवा.

शेवटी घराजवळचा मुद्दा. दोनशे मैल देशाचे झाले, पण किनाऱ्यालगतचे पाणी कोणाचे? १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा गोव्याच्या रांपणकारांनी हाच प्रश्न विचारत मोठे आंदोलन केले. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी किनाऱ्यावरच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. मोठ्या सत्तांकडून लहान देशांनी मागितलेला न्याय देशाच्या आत लहान होडीलाही मिळाला पाहिजे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद लागत नाही. नियम आधीच केलेला आहे, तो पाळला जातो की नाही हे आपण गोवेकरांनी पाहायचे आहे.

चवथीला माटोळी बांधताना डोंगरातली रानफळे आणि परसातली फळे आपण एकत्र टांगतो. समुद्राचे दानही असेच पुढच्या पिढीच्या हाती जावे, आणि त्याचा हिशेब ठेवणारी, इतिहासाचे कागद वाचणारी आणि दोना पावलच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुले आपल्या घरांतून घडावीत, हीच गणरायाच्या चरणी प्रार्थना.